राउटरच्या तीन पाट्या आणि वर्कशॉप कोणाचे

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणतात त्यांची नोंद लागत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर मी लिहायलाच बसले नसते. याआधी कुठे काही लिहून दिले असेल तर ते रद्द समजावे.

१. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्या मुलाला. गळके छप्पर त्यानेच दुरुस्त करायचे. दहा वर्षे "उद्या बघतो" ऐकले. आता छप्परही त्याचे आणि उद्याही त्याचाच.

२. बँकेतली शिल्लक आणि शिवणयंत्र मुलीला. "त्या भुशातलं मला काही नको," असे ती लग्नाआधीच म्हणाली होती. मी तिच्या शब्दाचा मान ठेवते.

३. धाकट्या दिरांनी आमचा लाकूड आवळायचा मोठा शिकंजा चार दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला बावीस वर्षे झाली. तो मी त्यांना रीतसर देत आहे. मी गेल्यावर तरी वस्तू चोरीची राहू नये.

४. वर्कशॉप, भिंतीवरची हत्यारे, सुतारकामाचे राउटर मशीन आणि त्याच्या तिन्ही पाट्या सुनेला. एकटीला. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील सुनेने म्हातारीला गुंडाळले.

अकरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंचे सहा खुर्च्यांचे जेवणाचे टेबल कोपऱ्याला खड्डा पडून वाया गेले. मुलगा म्हणाला, "हिनंच केलं." सून म्हणाली, "मी तर वखारीत होते." होतीच. डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "आजी, तुम्ही इथंच होतात ना?" मी दाराशी पॉलिश पेपर कापत बसले होते आणि सगळे पाहिले होते. म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं बाई." सुनेने माझ्याकडे पाहिले. मी पेपर कापत राहिले.

घडले ते असे. राउटरच्या बुडाला पाटी असते. तिच्या भोकातून बिट, म्हणजे फिरते पाते, खाली येते आणि लाकूड कोरते. आदल्या दिवशीच्या कामाची मोठ्या भोकाची पाटी मुलाने तशीच ठेवली, बारीक बिट लावले आणि टेबलाची कड काढायला गेला. कडेवर अर्धे मशीन हवेत असते. त्यात भोक मोठे, म्हणजे कोपऱ्यावर टेकायला पाटीच उरत नाही. मशीन कलंडले, बिट घुसले. स्क्रू काढून पाटी बदलायला वेळ किती? तेवढ्यात चहासुद्धा गार होत नाही.

तेव्हापासून सुनेने राउटरला हात लावला नाही. मापे घेते, पॉलिश मारते. घरात सर्वांत स्थिर हात तिचा. मुलगा माझा म्हणून मी गप्प बसले. चुकले. माफी मागायची मला सवय नाही आणि या वयात लागायचीही नाही, म्हणून वर्कशॉप देते.

५. पाटी कशी निवडावी हे सुनेला ठाऊक आहे. तिच्यामागून येणाऱ्यासाठी लिहिते. भोक बिटाभोवती दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोकळे राहील एवढेच असावे. पेन्सिलच्या रेघेवर खाच मारायची तर पारदर्शक पाटी, रेघ दिसते. कडेच्या कामाला मुठीची लांबट पाटी. मूठ लाकडाच्या बाजूला, भार तिच्यावर. ही आमच्या ह्यांनी प्लायवुडची केली. ओबडधोबड आहे, पण मशीन कलंडू देत नाही. ह्यांच्याबद्दल सरकारी कागदावर लिहिण्याजोगे चांगले मला एवढेच आठवते. आणि स्क्रूची डोकी पाटीत पूर्ण बुडालेली हवीत, नाहीतर लाकडावर ओरखडे.

६. माझा फोटो वर्कशॉपमध्ये लावू नये. भिंत हत्यारांसाठी आहे.

दुरुस्ती: सही करण्याआधी हा कागद मुलाला आणि सुनेला वाचायला दिला. मुलाने दोनदा वाचला. मग म्हणाला,

"आई, सहा नाही. आठ खुर्च्यांचं होतं."

सून टेप गुंडाळत होती. म्हणाली, "एवढं लक्षात आहे ना? मग पेन घ्या."

"काय लिहू?"

"खुर्च्या किती ते. आणि मशीन कोणाच्या हातात होतं ते."

त्याच्याच अक्षरात: "कलम ४ मध्ये सहाऐवजी आठ वाचावे. मशीन माझ्या हातात होते. ती वखारीत होती." खाली त्याची सही.

वकीलबाई म्हणाल्या, कायद्याने याची गरज नव्हती. मी म्हटले, राहू द्या.

सही: मी स्वतः

साक्षीदार: १) वकीलबाई २) शेजारचे किल्लीवाले. दोघांना या कागदातून काहीही मिळत नाही, म्हणून दोघांवर भरवसा आहे.

स्थळ: वर्कशॉप, मधले टेबल
दिनांक: नऊ फेब्रुवारी, दुपारी तीन

टीप: कागद मोठ्याने वाचून दाखवायचा होता. पण सून आत राउटर चालवून बघत असल्याने काही ऐकू येईना. साक्षीदारांनी तो आपापला वाचला.