पार्किंगवाल्यांना मी भीक घालत नाही

१० मार्च, सकाळी
टपालाने पाकीट. आत माझ्याच गाडीचे दोन फोटो, एक आत शिरताना, एक बाहेर पडताना. फोटो बरे आलेत. खाली मजकूर: रिटेल पार्कच्या फुकट पार्किंगमध्ये आपण ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबलात, सबब शंभर पौंड. पंधरवड्यात भरल्यास साठ. म्हणजे दंडावरही सेल!

जास्त का थांबलो? हिलरी पडद्यांच्या दुकानात होती. मी गाडीत डोळे मिटून विचार करत होतो. हडर्सफील्डमध्ये आता विचार करायलाही भाडं पडतं. हिलरीचं म्हणणं वेगळं. म्हणे, "विचार कसला? घोरत होतास. काच वाजवून वाजवून माझी बोटं दुखली."

ठराव: एक पेनी देणार नाही.

१० मार्च, संध्याकाळी
नीट वाचलं. हा दंड नव्हेच. पोलिसांचा नाही, काउन्सिलचा म्हणजे नगरपालिकेचा नाही. कुठल्या तरी सलूनच्या माडीवर दोन टेबलं टाकून बसलेल्या खाजगी कंपनीने मला पाठवलेलं बिल आहे. असली पत्रं मला कोण शिकवणार? गालिच्यांच्या शोरूममध्ये तक्रार आणि थकबाकी खातं मी एकट्याने सांभाळलं, रिटायर होईपर्यंत. 'अखेरची सूचना' मीच लिहायचो. त्यानंतर 'खरोखर अखेरची सूचना'. त्यानंतर काय करायचं हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. कोर्टाचं दार आम्ही कधी पाहिलं नाही.

नोटीस चुरगळून किचनच्या डब्यात. हिलरीने डब्याचं झाकण लावलं. पटलं असावं.

२२ मार्च, रविवार
गॅरेथ जेवायला. जावई. हा माणूस पार्किंगची नोटीस आली की त्याच रात्री पैसे भरतो आणि वर मनःशांती मिळते म्हणतो. मीही त्याला रोस्टवरची ग्रेव्ही वाढताना शांतच होतो. म्हणाला, "बाबा, तो जुना जमाना गेला. कायदा बदलून किती वर्षं झाली. आता हे लोक खरंच कोर्टात जातात. लढायचं असेल तर अपील करा, पण गप्प बसू नका."

मी म्हटलं, "गप्प बसत नाहीये. दुर्लक्ष करतोय. फरक आहे."
त्याने हिलरीकडे बघितलं. हिलरीने बटाट्यांकडे. कणा नसलेली पिढी.

२९ मार्च
आपल्याकडे सल्ला मागायला लोक येऊ लागले. पलीकडच्या बिल्डिंगमधली क्लॉडेट बेकफर्ड. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ, औषध, नाश्ता देण्याची नोकरी करते. एका पेशंटच्या इमारतीत गाडी लावली, पाहुण्यांचा परवाना डॅशबोर्डवरून घसरून खाली पडला, आणि तिलाही त्याच कंपनीची नोटीस. म्हणाली, "मिस्टर ओल्डरॉइड, तुम्हाला यातलं कळतं असं क्लबमध्ये ऐकलं. परवाना आहे माझ्याकडे, हा बघा. त्यांना फोटो पाठवू का?"

मी हसलो. म्हटलं, "फोटो पाठवलात की त्यांना कळतं, मासा गळाला लागला. उत्तरच द्यायचं नाही. त्यांच्याशी बोलणं म्हणजे त्यांना माणसांत धरणं."
तिला हे वाक्य आवडलं. मलाही आवडलं. लिहून ठेवतो.

बैठक मागच्या बागेतल्या शेडमध्ये झाली. हिलरीला यात ओढायचं नाही. तिला डावपेच समजत नाहीत.

२ मे
क्लॉडेटला स्मरणपत्र आलं. मला नाही.
विचार केला, असं का? उत्तर सरळ आहे. त्यांच्याकडे नक्कीच यादी असते: कोण घाबरेल, कोण नाही. ओल्डरॉइड हे नाव बघून कुणीतरी म्हणालं असेल, या माणसाला सोडा. हिलरीला हे सांगितलं. ती म्हणाली, "हो, तसंच असणार," आणि कपडे वाळत घालायला गेली. आजकाल तिचं आणि माझं चांगलं जमतं.

१४ जुलै
क्लॉडेट पुन्हा शेडमध्ये. आता वसुलीवाल्या कंपनीचं पत्र, लाल अक्षरात, रक्कम वाढवून. 'कायदेशीर कारवाई', 'आपल्या पतमानांकनावर परिणाम' वगैरे. बिचारीला आईसाठी तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचाय भाड्याने. आईचे गुडघे गेलेत, दुसऱ्या मजल्यावरून उतरणं होत नाही, हिवाळ्यापासून म्हातारी घरातच. फ्लॅट बघून ठेवलाय, ऑक्टोबरअखेर रिकामा होतो. "यात काही लचांड नको व्हायला," म्हणाली.

मी तिला ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, गालिचावाल्या आवाजात. ती हसली. मग म्हटलं, "'होऊ शकते' लिहिलंय. 'होईल' नाही. बघा, व्याकरणातच घाबरलेत." कस्टर्ड क्रीम बिस्किटं दिली. जाताना म्हणाली, "तुम्हाला आलं का हो असं?" मी म्हटलं, "मला? त्यांची छाती आहे का!"

गेल्यावर अर्धा तास फार बरं वाटलं.

१५ जुलै
क्लबमध्ये छोटं भाषण दिलं. विषय: धमक्यांची पत्रं आणि ताठ मान. हिरवळीवरची चेंडू घरंगळवायची बोल्सची मॅच थांबवून ऐकलं लोकांनी. निदान पाऊस थांबेपर्यंत. एकाने विचारलं, काउन्सिलच्या नोटिशीचंही असंच करायचं का? म्हटलं, नाही, ती भरायची. तो म्हणाला, मग उपयोग काय तुमचा? असल्या लोकांसाठी लढायचं आपण.

९ सप्टेंबर
क्लॉडेटला जाड पाकीट. कोर्टाचा शिक्का. सोबत उत्तर देण्याचे फॉर्म. फोनवर रडवेली झालेली. म्हणाली, "मिस्टर ओल्डरॉइड, हे खरं वाटतंय हो."

म्हटलं, "खरं वाटावं म्हणूनच तसं छापतात. शिक्का काय, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो."
तिने विचारलं, "फॉर्म भरून टाकू का? मुदत दिलीय."
म्हटलं, "इतके महिने दम धरलात, आता कच खाऊ नका. यापुढे तर उघडूसुद्धा नका. सरळ रद्दीच्या डब्यात."

ती म्हणाली, "बरं. तुमच्यावर सोडते."
योग्य निर्णय.

९ सप्टेंबर, नंतर
शिक्का खराच असला तर? नाही. कोर्टाला इतर कामं आहेत.

११ ऑक्टोबर, रविवार
गॅरेथला सहज विचारलं, म्हणजे आपलं तात्त्विक पातळीवर, की कोर्टाच्या कागदाला उत्तर दिलं नाही तर काय होतं. त्याने काटा खाली ठेवला. म्हणाला, "उत्तर नाही म्हटल्यावर निकाल त्यांच्या बाजूने लागतो. आपोआप. मग घर भाड्याने मिळत नाही, कर्ज मिळत नाही, मोबाइल हप्त्यावर मिळत नाही. का? कुणाला आलंय?"
म्हटलं, "क्लबमधल्या एकाला."
"मग त्याला आजच्या आज फोन करा, बाबा."

हो म्हटलं. पुडिंग जड झालं होतं. उद्या करतो.

१२ ऑक्टोबर
फोन केला नाही. तिला उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. शिवाय गॅरेथ वकील नाही, बाथरूमच्या फरश्या विकतो.

६ नोव्हेंबर, संध्याकाळी
लिहायचं नव्हतं. पण झोप येणार नाही.

साडेपाचच्या सुमाराला क्लॉडेट दारात. शेडच्या नाही, पुढच्या दारात. कामाचा निळा अंगरखा तसाच. हिलरीने आत घेतलं. मी म्हटलं, आपण शेडमध्ये बोलू. ती म्हणाली, "नाही. इथेच बोलू."

फ्लॅटच्या एजंटने नाव तपासलं. तिच्यावर कोर्टाचा निकाल आहे म्हणाला. गेल्या महिन्यातच लागलाय. घरमालकाने फ्लॅट दुसऱ्याला दिला. न उघडलेली सगळी पाकिटं तिने रद्दीत न टाकता ठेवली होती, ती घरी जाऊन उघडली. निकालाचं पत्र त्यातच होतं.

मी म्हटलं, हा अन्याय आहे, आपण लढू. म्हटलं, "माझ्याकडे बघा. मीही एक पेनी दिली नाही. मला हात लावायची हिंमत झाली का त्यांची?"

हिलरी सिंकपाशी होती. नळ बंद केला. म्हणाली, "बर्नार्ड, तुझे साठ पौंड मी मार्चमध्येच भरले. नोटीस डब्यातून काढून, पुसून. तू क्लबला गेला होतास."

क्लॉडेट अगदी सावकाश म्हणाली, "म्हणजे इतके महिने मी एकटीच लढत होते?"

मी हिलरीला म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस. हिलरी म्हणाली, "मला काय माहीत तू शेडमध्ये वकिली थाटलीयस! मला वाटलं, तुझं तुझ्यापुरतं चाललंय. त्याने कुणाचं काय बिघडतं?" तिला असं ओरडताना मी फार वर्षांनी ऐकलं. शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

क्लॉडेट ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "माझ्याकडे परवाना होता. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी दाखवला होता."

७ नोव्हेंबर
गॅरेथ सकाळीच आला. हिलरीने बोलावलं. दोघं क्लॉडेटकडे गेली. हिलरी मला म्हणाली, तू घरी थांब.

परत आल्यावर गॅरेथने सांगितलं: निकालाला महिना व्हायच्या आत सगळी रक्कम भरली तर नाव कोर्टाच्या नोंदीतून निघतं. मुदत अजून आहे, थोडीशी. फ्लॅट मात्र गेला तो गेला. आणि पहिल्याच पत्रानंतर परवान्याचा फोटो पाठवून अपील केलं असतं तर बहुतेक तिथेच सुटली असती. हे तो अगदी हळू बोलला. मला ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे तयार होतं.

स्कार्बरोला समुद्रकिनारी सुट्टीला जायला साठवलेले पैसे हिलरीने काढले. क्लॉडेट फुकट घ्यायला तयार नव्हती. खूप वाद झाला म्हणे. शेवटी घेतले, परत करीन म्हणून. हिलरी मला म्हणाली, "पैसे माझे. बाकीचं तू फेडायचंस."
बाकीचं म्हणजे काय, असं विचारलं नाही.

८ नोव्हेंबर
विचारावं लागलंच नाही. नवीन फ्लॅट मिळेपर्यंत क्लॉडेटच्या आईला दर मंगळवारी गुडघ्यांच्या क्लिनिकला मी नेणार. दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायचं, बरोबर आत जायचं, परत वर चढवायचं. हिलरीने परस्पर ठरवलं. मी म्हटलं, माझ्या पाठीचं काय? ती म्हणाली, "मंगळवारी पाठीकडे दुर्लक्ष कर. दुर्लक्ष करायला जमतं ना तुला?"

१७ नोव्हेंबर, मंगळवार
मिसेस बेकफर्ड. ऐंशीच्या पुढच्या. हॅट घालून तयार बसल्या होत्या. जिन्यावर प्रत्येक वळणावर थांबून मला धीर देत होत्या. "दमलात? बसा हवं तर." मीच दमलो होतो, हे खरं आहे.

क्लॉडेटने दार उघडलं आणि औषधांची पिशवी माझ्या हातात दिली. बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. गाडीत हीटर लावा, एवढं आईला सांगितलं, मला ऐकू येईल असं.

क्लब: जाणं बंद. हवा थंड आहे.

२४ नोव्हेंबर, मंगळवार
क्लिनिकमागचं पार्किंग. मीटरमध्ये पैसे टाकले, चिठ्ठी काचेमागे लावली, दोनदा तपासली. आत डॉक्टर उशिरा आले. मिसेस बेकफर्ड एक्स-रेसाठी आत, त्यांचा कोट आणि हॅट माझ्या मांडीवर. उठून चिठ्ठी वाढवायला जावं तर हॅट कुणाकडे द्यावी? बसून राहिलो.

बाहेर आलो तर वायपरखाली पिवळं पाकीट. दुसरीच कंपनी. खाजगीच.

मिसेस बेकफर्डना आधी गाडीत बसवलं, पट्टा लावला, हीटर लावला. मग पाकीट काढलं. त्यांनी विचारलं, काय आहे ते? जाहिरात, म्हटलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "ही जाहिरात नाही. हा दंड आहे. आपण डॉक्टरांकडे होतो हे त्यांना कळवा ना. की लढायचं? क्लॉडेट सांगत होती, तुम्हाला यातलं सगळं कळतं."

मी फोन काढला. कंपनीचं पान उघडलं. तिथे दोन बटणं होती, एक पैसे भरायचं, एक अपिलाचं. अपिलाच्या बटणावर अंगठा ठेवला. मग त्यांनी कारण लिहायला मोठा रिकामा चौकोन दिला. माझ्या डोक्यात एकही वाक्य येईना. मागे जाऊन पैसे भरायचं बटण दाबलं.

नोटिशीवरचा नंबर बारीक होता, माझा चष्मा घरी राहिला होता. मिसेस बेकफर्डना म्हटलं, "नंबर वाचून दाखवता का? जरा सावकाश."