आजीच्या पत्रातली गोम

१२ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी आज लिहायला बसतेय. रागावू नकोस. तुझ्या नातवंडांनी माझ्या नाकी नऊ आणलेत. थोरलीला आम्ही आता मास्तरीण म्हणतो, कारण सातव्या वर्षीच ती घरात सगळ्यांना शिकवत फिरते. ढब्बूला चौथं लागलं. त्याला जगातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून बघायची असते, जेवण सोडून. ह्यांची बस लांब पल्ल्याची, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर.

बातमी अशी की चष्म्याच्या दुकानातली माझी जुनी जागा परत मिळतेय. एक जूनपासून पुन्हा लोकांचे डोळे तपासायचे. मुलांजवळ तू राहणार, असं मी दुकानात छातीठोकपणे सांगून आलेय. पाळणाघरात ढब्बू रडून रडून तापाने फणफणला होता, ते तुला माहीतच आहे. तेव्हा सगळी भिस्त तुझ्यावर. तू आलीस तरच ही नोकरी, नाही तर नाही.

तोवर पोरांना आपल्या हातांनी करता येईल असं काहीतरी सोपं लिहून पाठव. बालशाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं दीडशे पोरांना जेवू घातलंस, ही दोन काय चीज आहेत! आणि गोम हवीच हं. मी लहान असताना तू कृती सांगताना मध्येच एक धडधडीत चूक घुसवायचीस, आणि मी ती पकडली की पहिला घास माझा. बाबा छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढतात, मग माझ्या लेकीने का मागे राहावं, असं म्हणायचीस. मुलांना मी हे सांगितल्यापासून ती पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलीत.

बाबांना नमस्कार. लवकर लिही आणि अशीच माया असू दे.

तुझी,
खारू

---

२० जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

छातीठोकपणे म्हणे! माझी छाती ठोकायच्या आधी मला विचारायचंस तरी. येते गं बाई, येते. तुझ्या बाबांना सांगून ठेवलंय की आपापलं जेवण आता शिकून घ्या. त्यांनी काल चहा केला. मी प्यायले, यावरून माझं मन किती मोठं आहे ते ओळख.

पोरांसाठी बटाट्याचे उंदीर. चार बटाटे उकड. सोलून मास्तरणीला कुस्करायला दे, तिचा जोर तिकडे तरी जिरेल. थोडं लोणी, मीठ आणि चमचाभर दूध घालून मळ. ढब्बूने हात धुवायचे, मग तू ते बघायचेस, मग परत धुवायचे. लिंबाएवढा गोळा घेऊन एका बाजूने टोक काढायचं, ते नाक. गाजराच्या चकत्यांचे कान खोचायचे. आणि डोळे म्हणून प्रत्येक उंदराला दोन-दोन अख्खी कलिंगडं लावायची. गरम गरम खायला द्यायचं. आपण केलेला उंदीर आपणच खायचा, म्हणजे भांडण नाही.

तू कच्चं पीठ कुरतडायचीस म्हणून तुझं नाव खारू पडलं. ढब्बू तुझ्यावरच गेलाय, त्याला बोलू नकोस. आणि पत्राला पुन्हा पंधरा दिवस लावलेस तर बघ.

सर्वांना आशीर्वाद, तुला एक धपाटा.

तुझी,
आई

---

२ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कलिंगडं! मास्तरीण ओरडतच सुटली. ढब्बूला आधी गोम म्हणजे ती खूप पायांची गोमच वाटली होती, त्यामुळे तो पत्राला हात लावेना. मी उलगडून सांगितलं, तेव्हापासून त्याला सगळीकडे गोम दिसते. काल ह्यांनी दोन रंगांचे मोजे घातले होते, तर हा मोज्यांकडे बोट दाखवून गोम गोम करत नाचला.

आई, त्याने तीन उंदीर खाल्ले. एरवी तीन घास खात नाही तो. डोळ्यांना मटार लावले होते. शेवटच्या उंदराला त्याने खाण्याआधी थोपटून झोपवलं. मी किती महिन्यांनी इतकी हसले असेन, देव जाणे.

अजून पाठव. तुझी खोली रिकामी करायला घेतलीय, खिडकीकडे पलंग लावते. पायांना जप, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी,
खारू

---

१५ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलं खातात हे वाचून बरं वाटलं. तुझी नोकरी कधीपासून म्हणालीस? मला कळव म्हणजे त्याप्रमाणे निघता येईल.

या वेळी बिस्किटं. दोन वाट्या कणीक, एक वाटी साखर, दूध. कणीक, साखर आणि दूध घालून गोळा मळायचा. लाटून वाटीने गोल कापायचे. ओव्हनमध्ये वीस मिनिटं भाजायचे. भाजून झाले की त्यात लोणी घालून नीट मळून घ्यायचं. मग दूध घालायचं. मुलींना कापायला दे, दोघींना आवडेल. तू लहान असताना चांदण्या कापायचीस. नोकरी कधीपासून ते लिही.

तुझ्या बाबांचं ठीक आहे.

तुझी,
आई

---

१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू तर कमालच केलीस! आमच्या वेळी एक गोम असायची, नातवंडांना डझनावारी? भाजल्यावर लोणी, ही मास्तरणीने पकडली. दूध दोनदा, ही मी. आणि दोघी मुली, ही चक्क ढब्बूने. मी मुलगा आहे हे आजीला माहीत आहे ना, म्हणून तो दिवसभर खिदळत होता. नोकरीचं तर एकाच पत्रात दोनदा विचारलंस, तीही मी मोजलीय हो. एक जून, एक जून, एक जून!

गंमत म्हणून आम्ही कृती अगदी बरहुकूम केली. लोण्यावाचूनची ती बिस्किटं फरशीसारखी झाली. ढब्बूने त्यांची चाकं केली आणि घरभर ह्यांची बस पळवली. मग लोणी घालून नीट केली, त्यांचा बारा तासांत फडशा. मास्तरणीने तुला दहापैकी दहा दिलेत.

बाबा काही लिहीत का नाहीत? त्यांना म्हणावं, तुमचं तिकीट नाही, एकट्या आईचं काढायचंय. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
खारू

---

१२ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

हो, सगळं मुद्दाम. मुलं हसली ना? सापडलेल्या सगळ्या गोमा मला ओळीने लिहून पाठवत जा, मला त्या हव्या आहेत.

अंड्यांच्या होड्या. अंडी उकडायची. सोलायची. भांडं रिकामं करून गॅसवर ठेवायचं आणि सगळ्यांनी बाहेर फिरायला जायचं. परत यायचं. शेजारच्या बाई दारात उभ्या असतील. अंड्यांना काकडीचं शीड लावायचं.

ढब्बूला सांग की तो मुलगा आहे हे मला माहीत आहे. मी लिहून ठेवलंय.

तुझी,
आई

---

२४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या बाई दारात! आई, हसून हसून पुरेवाट झाली. ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं तर मास्तरीण लोळायलाच लागली. आता दोघांचा खेळच झालाय, पातेलं पालथं घालायचं, घराबाहेर पळायचं, आणि परत आलं की एकाने दारात शेजारच्या बाई व्हायचं. होड्याही छान झाल्या, काकडीची शिडं वाऱ्याने पडतात म्हणून ढब्बू श्वास रोखून खातो.

इतकं कसं सुचतं गं तुला? पलंग खिडकीशी लावून झालाय. सत्तर दिवस उरले, मास्तरीण भिंतीवर रेघा मारते. बाबांना नमस्कार, आणि आमची आठवण राहू दे.

तुझी,
खारू

---

३ एप्रिल

चि. खारूस,
अ. आ.

हे पत्र तुझ्या आईला न दाखवता टाकतो आहे. बसून वाच.

बटाट्याच्या उंदरांचे कलिंगडाचे डोळे, ही तिची गोम होती. त्यानंतरची एकही नाही. तिचं विसरणं सुरू होऊन वर्ष होत आलं. आधी नावं जायला लागली, मग वार, मग कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर. मार्चमध्ये एका मंगळवारी तिने रिकामं भांडं गॅसवर ठेवलं आणि आम्ही फिरायला गेलो. परत आलो तेव्हा घरभर धूर आणि शेजारच्या शिंपीणबाई दारात. दुसऱ्या दिवशी तिने ते तुझ्या होड्यांच्या कृतीत लिहिलं. का लिहिलं, ते तिलाही सांगता येत नाही.

तुझं बिस्किटांचं पत्र आलं तेव्हा तिने ते दोनदा वाचलं आणि बराच वेळ हातात धरून बसली. मग मला म्हणाली, "अहो, मी मुद्दाम नव्हतं केलं. पण पोरं हसली ना?" नंतर उठून तुला सगळं मुद्दाम म्हणून लिहिलं. तू पाठवलेल्या चुकांची ती वहीत यादी करते, म्हणजे पुन्हा होणार नाहीत. त्या पुन्हा होतात.

डॉक्टरांना तीनदा भेटलो. गेलेलं परत येत नाही, आणि जे उरलंय तेही हळूहळू जाणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जूनमध्ये ती येऊ शकणार नाही. तिच्यापाशी मुलांना एकटं ठेवणं धोक्याचं आहे, हे मला लिहावं लागतंय.

तुला आधी का नाही सांगितलं, हे विचारशील. तिची पत्रं पाकिटात घालण्याआधी मीच वाचायचो. लाल पेन्सिल खिशात असायची. चाळीस वर्षं लोकांच्या मजकुरातली मात्रा सोडली नाही, पण इथे एक जरी खूण केली तर हे खरं होईल, असं वाटायचं. शिवाय तुझं पत्र आलं की ती चार दिवस बरी असायची. मी भ्यालो, खारू. मला माफ कर.

जावईबापूंना सांग, मुलांना एवढ्यात सांगू नका.

तुझे,
बाबा

---

१४ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यावर रागवायचं ठरवून चारदा लिहायला बसले. जमलं नाही. मी तिला हसले, बाबा. तिच्या घरात धूर झाला आणि मी पोरांना घेऊन त्याचा खेळ केला. ती आजही तो खेळतात. पातेलं पालथं पडल्याचा आवाज झाला की मी धावत जाऊन गॅस बघते, आणि थांबा म्हणताही येत नाही, कारण का ते सांगावं लागेल.

मी डोळे तपासणारी बाई. समोरच्याला काय दिसत नाही, ते ओळखणं माझं काम. अशी दोन पत्रं माझ्या हातात होती.

दुकानात जाऊन नाही म्हणून आले. त्यांनी त्याच दिवशी दुसरी मुलगी घेतली. त्याचं आता काही वाटत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून काही होईल का, एवढं कळवा. मे महिन्यात ह्यांना रजा आहे, मुलं त्यांच्याकडे ठेवून आठ दिवस येते.

तुम्ही स्वतःला जपा. तुमच्याशिवाय तिला कोणी नाही.

तुमची,
खारू

---

२८ मे

चि. खारूस,
अ. आ.

तू येऊन गेलीस, फार बरं झालं. त्या आठ दिवसांत तिने तुला दोनदा ओळखलं, असं तू म्हणालीस. मी तीनदा मोजलं होतं, पण तुझंच बरोबर असेल. दुसऱ्या डॉक्टरांनीही पहिल्यांचंच सांगितलं. आता कोणाला विचारायचं राहिलेलं नाही.

सोबतची चिठ्ठी तिने काल सकाळी लिहिली आणि तुझ्या शाळेत नेऊन द्या, असा माझ्यामागे धोशा लावला. तुझ्या शाळेत म्हणजे तुझ्या लहानपणच्या. देतो म्हणालो. तुझ्याकडेच पाठवतो आहे. मी त्यात काहीही दुरुस्त केलेलं नाही.

तुझे,
बाबा

*[सोबतची चिठ्ठी]*

मा. बाईंस,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी खारू तुमच्या पहिलीच्या वर्गात आहे. तिच्या डब्यातली बिस्किटं वर्गात सगळ्यांना आवडली आणि तुम्ही कृती विचारलीत, असं ती म्हणाली. एक वाटी लोणी आणि एक वाटी साखर हलकी होईपर्यंत फेसा. त्यात दोन वाट्या कणीक आणि चिमूटभर मीठ घालून लागेल तसं दूध शिंपडत गोळा करा. अर्धा तास झाकून ठेवा. लाटून कापा, मंद आचेवर वीस मिनिटं भाजा. गरम असताना मऊ लागतात, गार झाली की खुसखुशीत होतात. मुलांना कापू द्यावीत.

बाई, एक विनंती. शाळा सुटून फार वेळ झाला. खारू अजून घरी आली नाही. मी दारात उभी आहे. तिला एकटीला पाठवू नका, पण पाठवा.

आपली,
खारूची आई

---

६ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाईंनी तुझी चिठ्ठी मला वाचायला दिली. बिस्किटं आम्ही सगळ्यांनी मिळून केली आणि ती अगदी तुझ्यासारखी झाली. वर्गातल्या एका मोठ्या मुलीने आणि एका छोट्या मुलाने चिठ्ठी तीन-तीनदा वाचून गोम शोधली. ती मुलगी म्हणते, यात गोमच नाही, आजी हरली. तो मुलगा म्हणाला, आहे, खारू तर मोठी झालीय. मी त्याला म्हटलं, ही गोम नाही, आणि पहिला घास त्याला दिला.

मी डबा संपवला आहे. अंधार पडायच्या आत निघते. तू दारात उभी राहू नकोस, पाय दुखतील. आत खुर्चीत बस, बाबा चहा करतील तो पी. मी आले की हाक मारीन. मला उशीर झाला तरी रागावू नकोस, आणि मी कोण ते विचारलंस तरी चालेल.

मलाही या वेळी एकही गोम सापडली नाही, आई.

तुझी,
खारू
इयत्ता पहिली