साध्या गाठीस कर्करोग लिहून मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य डॉक्टर साहेब,
केसरबाई स्मारक बाल रुग्णालय, मेहकर

अर्जदार : शेषराव उकंडराव मापारी, रा. सुलतानपूर, जि. बुलढाणा

विषय : मयत मुलगी शालू हिच्या दाखल्यात मरणाचे कारण 'यकृताचा कर्करोग' लिहिणेबाबत.

संदर्भ : गेल्या सोमवारी आपण अर्जदारास सर्वांसमक्ष 'अडाणी' म्हणालात ते.

महोदय,

१. अर्जदाराच्या दोन वर्षांच्या शालूच्या पोटात उजव्या अंगाला गाठ आली. आपण गाठीचा तुकडा काढून नागपूरला तपासणीस पाठवला. निकाल आला त्या दिवशी आपण खाटेपाशी न थांबता म्हणालात, "बिनाईन आहे. घरी घेऊन जा."

२. सदर शब्द अर्जदाराने जन्मात ऐकला नव्हता. शेजारच्या खाटेवरील मुलाचे वडील भगवानराव यांनी उलगडा केला, "बिना म्हंजे बिगर. इलाज नाही राह्यला, भाऊ." डॉक्टर घरी न्या केव्हा म्हणतात, हे आमच्याकडे सर्वांस ठाऊक असल्याने अर्जदारास शंका आली नाही. राज्य मराठीचे झाले असे ऐकतो. आपल्या वॉर्डात ते अद्याप पोचलेले दिसत नाही.

३. घरी अर्जदाराच्या आईला, झुंबरबाईला, राहवेना. "डॉक्टरनं हात टेकले त मी काऊन गप बसू?" म्हणून तिने विळा तापवून नातीच्या पोटावर डाग दिले. पाय अर्जदाराने धरले होते. जखम चिघळली आणि शालू तापात गेली.

४. पोलीस पाटलांनी आजाराचा दाखला मागितल्याने अर्जदार गेल्या सोमवारी आपणाकडे आला. डागल्याचे ऐकून आपण 'अडाणी' म्हणालात आणि सांगितले की बिनाईन म्हणजे साधी गाठ, कर्करोग नव्हे. वय वाढता ती आपोआप विरली असती. 'साधी' हा शब्द आपणास येतो, हे तेव्हा कळले. तो आधीच उच्चारला असता तर आपले काय जाणार होते?

५. दाखल्यात आपण 'डागण्याची जखम' लिहिणार असे समजते. ते खरेच आहे. परंतु आई रोज म्हणते, "आपण सारं केलं, पन दुखनंच तसं होतं," आणि अर्जदाराची पत्नी मनकर्णाबाई मान डोलावून तिला भाकर वाढते. गाठ साधी होती हे घरात फक्त अर्जदारास ठाऊक आहे. उद्या हे दोघींना कळले, तर त्या घरात चूल पेटणार नाही.

तरी कृपा करून कर्करोगच लिहावे. पुढच्या लेकराच्या बापाला मात्र 'साधी' म्हणावे, आणि खाटेपाशी थांबून म्हणावे. मले कोनी थांबून सांगितलं असतं, त मी तिचे पाय धरले नसते, साहेब.

आपला, अजूनही नम्र,
शेषराव उकंडराव मापारी
दि. ११ ऑक्टोबर १९६६

सोबत : काही नाही.