ऐरणीचा स्टँड आणि आमचे साडू

शनिवार, ४ ऑक्टोबर
सासऱ्यांनी अखेर लोहारकाम बंद केलं. गुडघे साथ देत नाहीत. आता ऐरण कुणाला, हा प्रश्न. मुलगा नाही, जावई दोन. एक मी. दुसरा आमचा साडू, म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. आजवर लोकांच्या दाढा उपटल्या, आता ऐरण उपटायला निघालाय.
सासऱ्यांची अट अशी: ऐरणीला धड स्टँड करा. दोन नोव्हेंबरला मी येतो. ज्याच्या हाताला ती नीट बसेल, त्याने तिच्यावर एक हूक वळून दाखवायचा. ऐरण त्याची.
तूर्त ती आमच्याकडे आहे, कारण आम्ही तळमजल्यावर राहतो. साडू याला सोय म्हणतो. मी निकाल म्हणतो.
मला ती हवीच आहे. लग्न झाल्यापासून सासरे चारचौघांत मला 'जरा नाजूक आहेत' म्हणतात. हा डाग पुसायचा.

रविवार, ५ ऑक्टोबर
संकल्प: स्टँड दोन दिवसांत पुरा. (सुटीच्या दोन दिवसांत.)
सासऱ्यांकडे ऐरण झाडाच्या ओंडक्यावर असायची. ओंडका! अश्मयुग संपल्याचं त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. माझं डिझाइन आधुनिक. चार जाड लाकडी खांब उभे, एकमेकांना चिकटून, बाहेरून लोखंडी पट्टी, आरपार बोल्ट. हत्ती बसला तरी हलणार नाही.
आज फक्त विचार केला. विचार हेही कामच. ही तसं मानत नाही. तिने ऐरणीच्या टोकाला भाजीची पिशवी अडकवली आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर
ड्रॉइंग काढलं. सुरेख आलंय. शेजारच्या निवृत्त मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, तिजोरी छान आहे. या माणसाने पिढ्या घडवल्या म्हणे.

रविवार, १२ ऑक्टोबर
करवत बोथट निघाली. ही म्हणाली, कालच आणलीय. नवी असून बोथट! हल्ली वस्तू बनवणाऱ्यांना लाज म्हणून राहिलेली नाही.
अंगठ्याला पट्टी. लाकूड कापणं हे मुळात माझ्या पातळीचं काम नव्हेच. ते सुताराला द्यावं. डोकं माझं, करवत त्याची.

शनिवार, १८ ऑक्टोबर
सुताराने पहिलाच प्रश्न विचारला, उंची किती. ड्रॉइंगकडे बघितलंसुद्धा नाही. त्यावर पेन्सिल तासली.
उंचीचा नियम सासऱ्यांनी सांगितलाच आहे. सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचा, मूठ वळायची. मुठीची हाडं जिथे येतील तिथे ऐरणीचा माथा. सोपं आहे. पण ताठ उभं राहिलं तर टेप दिसत नाही, आणि टेप बघायला वाकलं की मूठ खाली जाते. ही म्हणाली, मी मोजते. मोजताना हसत होती. म्हणाली, पोट आत घेऊ नका, टाचा टेकवा. असल्या वातावरणात शास्त्रीय काम होत नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर
साडू 'सहज' आला. हेरगिरी, दुसरं काय. पण मी त्यालाच कामाला लावलं. भिंतीशी उभा केला, मूठ वळायला सांगितली आणि माप घेतलं. नाहीतरी या माणसाचा दुसरा उपयोग काय?
आमची उंची साधारण एकच आहे. तो बारीक आहे म्हणून उंच वाटतो. दृष्टिभ्रम. ही म्हणाली, अहो, भाऊजी आपल्या दारातून वाकून येतात. मी म्हटलं, तो नम्रतेचा आव आहे.
मापातून ऐरणीची स्वतःची उंची वजा करायला विसरलो नाही. साडू नक्की विसरला असता.

रविवार, २६ ऑक्टोबर
स्टँड उभा राहिला! परसात, जमीन सपाट करून. बोल्ट साडूने आवळले, कारण माझा अंगठा. स्वतःच्या हाताने स्वतःचा पराभव आवळत होता आणि वर विचारत होता, दादा, अजून घट्ट करू का. कीव आली.
ऐरण त्याने आणि सुताराने उचलून वर ठेवली. मी खुर्चीवरून सूचना दिल्या. मग गुडघ्याने एक धक्का देऊन पाहिला. स्टँड तसूभर हलला नाही. गुडघा सुजला आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर
रंगीत तालीम. थंड सळईवर हातोडा चालवून पाहिला. ऐरण जरा अंगावर येते. खांदा कानाला लागतो. कारण उघड आहे: घरातल्या चपला झिजून पातळ झाल्यात. उद्या जाड तळव्याचे बूट. ही काहीतरी सांगायला आली होती. ऐन वेळी माणसाचं मन खच्ची करण्यात या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

रविवार, २ नोव्हेंबर, संध्याकाळ
सासरे आले. स्टँडवरून हात फिरवला, हलवून पाहिला. काम चोख आहे म्हणाले. साडूसमोर म्हणाले! त्या क्षणी मी खरोखरच उंच होतो.
मग म्हणाले, या, मूठ वळून उभे राहा. राहिलो. बूट घालून. ऐरणीचा माथा पार वर राहिला, माझी मूठ खालच्या बोल्टवर आपटली. सासऱ्यांनी पायाखाली फळी द्यायला सांगितली. मग आणखी एक. दुसरीवरून मी घसरलो. हिने आधार दिला.
नंतर साडू उभा राहिला. मूठ ऐरणीवर अलगद टेकली. सासऱ्यांनी शेगडी पेटवली, सळई लाल केली, त्याने हूक वळला. वाकडातिकडा, पण हूक.
सासरे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "जावईबापू, याच्या मापाचा स्टँड तुम्ही स्वतः खपून केलात? मी तुम्हाला ओळखलंच नाही. मन मोठं आहे तुमचं."
ही पदर तोंडाला लावून होती. रडत होती असं धरून चालतो.
साडूचे डोळे भरून आले. त्याने मला मिठी मारली. माझं नाक त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला लागलं.
ऐरण आणि स्टँड टेम्पोतून गेले. हूक त्याने मला भेट दिला. ऑफिसची पिशवी अडकवायला म्हणून जाताना स्वतःच दारामागे ठोकूनही दिला.
हात पोचत नाही.