देवघरातला घोडेस्वार

पूर्णा,
मार्गशीर्ष शु. ४, शके १८७६

तीर्थस्वरूप व्यंकटदादांच्या चरणी धाकट्या सुमनचा नमस्कार.

वहिनींचा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधायला कळवलं होतं, बांधलं असेलच. (नसेल बांधलं तर मला सांगू नका.) इकडे पोखर्णीच्या नृसिंहाच्या कृपेने सगळे बरे आहोत, फक्त झोप कुणाला नाही. घरात चहा फार होतो.

त्याचं असं झालं. चहाची एक कंपनी पुड्यातून फौजेची चित्रं देते आहे. तोफवाला, विमानवाला, दवाखान्यातली नर्ससुद्धा. सगळी जमवून धाडली की गजराचं घड्याळ मिळतं. रेल्वेच्या मालधक्क्यावर पहाटेच्या पाळीला उशीर होतो म्हणून साहेबांनी ह्यांना बदलीचा दम दिलेला आहे. (बदली झाली तर नृसिंहाला जायचं मी कुठून?) घड्याळ विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त, असा हिशेब मीच मांडला आणि तिथेच फसले. पुडा लवकर सरावा म्हणून हे वाटेने जाणाऱ्याला चहाला बोलावतात. पोस्टमन तर आता पत्र नसलं तरी येऊन बसतो.

शेवटी एकच चित्र राहिलं, घोडेस्वाराचं. ते मागच्या रविवारी निघालं, पण पुडा फोडला सासूबाईंनी. पांढरा घोडा, उगारलेली तलवार, झुपकेदार मिशा, घोड्याच्या पायाशी कुत्रं, आणि वार खंडोबाचा. त्यांनी हात जोडले, भंडारा वाहिला आणि चित्र देवघरात नेऊन बसवलं. हे घरी आले तोवर घोडा मिशांसकट पिवळा झाला होता.

हे म्हणाले, "आई, त्यो फौजेतला सवार हाय."

"मग मल्हारी काय पोस्टात नोकरीला हाय? आपल्या पायानं घरी आलेल्या देवाला तू पाकिटात घालून धाडायलास, त्या घड्याळापायी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, तेव्हा निकाल मी द्यावा. पण पूजा झालेलं उचलायला माझा हात होईना. मी चहा टाकला.

परवा चंपाषष्ठी. सवाराला भरीत-रोडग्याचा नैवेद्य ठरला आहे, वांगी आली आहेत. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपली,
सुमन

ता. क. तुमच्या पालमच्या दुकानात हाच चहा असतो. कुणा गिऱ्हाइकाकडे घोडेस्वार असेल तर मागून घेऊन पाठवा. मुदत संक्रांतीपर्यंत आहे. पाकिटावर नाव माझं घाला, ह्यांच्या नावाचं पाकीट सासूबाई फोडतात.

ता. क. दुसरा. पत्र चिकटवण्याआधी दिवा लावायला देवघरात गेले, तर सवाराच्या डाव्या हाताला ह्यांच्या चित्रांच्या डब्यातली नर्स बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "म्हाळसाबाईबिगर देवाला किती दिस एकलं ठिवावं?" कपाळ मोकळं बरं दिसेना म्हणून कुंकू मीच लावलं. तेव्हा दादा, सवार एक आणि नर्सा दोन पाठवा. बानूबाई अजून राहिली आहे.