पेनाचं टोपण

गुरुवार, लातूर

सकाळच्या प्रशिक्षणात सांगून सांगून घसा बसला. दाखले नसलेल्या पोरांना परत पाठवू नका, हमीपत्र घ्या, तात्पुरता प्रवेश द्या. कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवरचे आमचे कारकून गुंडूमामा नुसते पेनाचं टोपण फिरवत बसले. कुणाला पेन दिलं तरी टोपण स्वतःकडं ठेवणारा माणूस. हा ऐकणार?

दुपारी पालावर वाढलेली एक मुलगी आली. एकही दाखला नाही. मामा म्हणाले, "बस पोरी. कागद मागून येतील, आधी हमीपत्र लिही." पेन दिलं.

प्रवेश झाला! लई हलकं वाटतंय. ती मात्र घाईत पेन घेऊनच गेली. आणि टोपण? तेही तिच्याकडंच. मी विचारलं, तर मामा म्हणाले, "जाणार कुठं? आता इथलीच हाय ती."