जागृतीच्या नावापुढचा आकडा

सोमवार, ३ जानेवारी १९९४
नोकरीचा पहिला दिवस! कराडहून आणलेली बॅग नेरुळच्या खोलीवर टाकली आणि तुर्भ्याचा कारखाना गाठला. इथे रंगाचे पत्र्याचे डबे बनतात. कामगार चारशे बारा. पर्सोनेलच्या निकमसाहेबांनी पाच वर्षांचे हजेरीपट माझ्यापुढे ठेवले. आजारपणाच्या रजा कोणत्या खात्यात जास्त, कोणत्या महिन्यात, ते मांडायचं आणि पुढच्या महिन्यात कोण किती दिवस आजारी पडेल याचा अंदाज द्यायचा. संख्याशास्त्र शिकून काय करणार, असं घरी सगळे विचारायचे. आज अण्णांना पत्र लिहिते. शेजारच्या टेबलावर जागृती ठाकूर बसते, करावे गावची. तिने डब्यातली जवळ्याची चटणी वाढली. गोड मुलगी आहे.

बुधवार, १२ जानेवारी
पत्रा कापण्याच्या खात्यात रजा दुप्पट निघाल्या, त्याही सोमवारी जास्त. दोन दिवस खपून आलेख काढला. साहेबांनी पाहिला, मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाच वर्षांत एक आजारी रजा नाही, अशी एकच. आपली जागृती." मग माझा आलेख तिच्याच टेबलावर ठेवून गेले. गंगाराम शिपाई चहासुद्धा आधी तिलाच देतो. मी इतकं शिकले, आणि कौतुक नुसतं हजर राहण्याचं.

शुक्रवार, २८ जानेवारी
फेब्रुवारीचा तक्ता पूर्ण झाला. जागृतीच्या नावापुढे कितीही वेळा करा, शून्यच. ते शून्य बघवेना. पेन्सिलने खोडून तीन लिहिलं. कुणाचं काय बिघडतंय?

गुरुवार, ३ फेब्रुवारी
जागृती मंगळवारपासून तापाने घरी. आज तिसरा दिवस. योगायोग, शंभरात एखादा असा निघतोच. साहेब आज माझ्याशी दहा मिनिटं बोलले. अंदाज बरोबर आला म्हणाले. खरं लिहायचं तर बरं वाटलं.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी
ती आली. सगळे तिच्याभोवती. कुणी मोसंबी आणली, कुणी अंगारा. माझ्याकडे पाठ करून उभे होते सगळे. मी तक्ता उघडला. तीनच्या जागी बारा होतं. अक्षर माझं. मी लिहिलेलं नव्हतं.
जेवणाच्या सुट्टीआधी ती खुर्चीतून खाली कोसळली.

रविवार, १३ फेब्रुवारी
करावेला जाऊन आले. घर माणसांनी भरलेलं. जागृतीचे हात काड्यांसारखे झालेत. तपासण्यांत काही सापडत नाही. तिची आई मालतीबाई, त्यांनी माझा हात धरला. "तू आलीस, पोरीला बरा वाटला. सारका तुजाच नाव घेतंय." मी पाय चेपले. मनापासून म्हटलं, बरी हो. आणि त्याच क्षणी मनात आलं, मी आजारी पडले तर इतकी माणसं येतील?
तिला ढास लागली. थांबेना.

सोमवार, १४ फेब्रुवारी
चोवीस. खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं. खाली टेबलाच्या लाकडावर — चोवीस.

शनिवार, १९ फेब्रुवारी
तक्ता जाळला. आकडा पेन्सिलचं ऐकतच नाही. माझ्या आतलं ऐकतो. म्हणून तिच्यासाठी देवापुढे बसते. मग वाटतं, हिच्यासाठी सगळेच बसतात — झालं. डोळे मिटले तरी दिसतो. अठ्ठावीस. महिना अठ्ठावीसचाच —

सोमवार, २८ फेब्रुवारी
जागृती गेली. सकाळी.
कारखाना बंद ठेवला. साहेब रडले. स्मशानात मी उभी होते आणि मोजत होते, किती माणसं आलीत — तिच्यासाठी — मेलेल्या पोरीचाही मी —

सोमवार, १४ मार्च
तिच्या खुर्चीवर नवी मुलगी. वैष्णवी, सारसोळ्याची. मी मान वर करत नाही. बोलत नाही.

मंगळवार, १५ मार्च
साहेबांनी वैष्णवीची वही उचलून सगळ्यांना दाखवली. मला काही वाटलं नाही. खरंच नाही. देवाशपथ, मी तिचा हेवा करत नाही. फक्त तिचं अक्षर माझ्यापेक्षा जरा —